जत्रेपुरता मामाकडं

अनघा ओव्हाळला राग यायला फार वेळ लागत नाही, हे लोणावळ्यापासून पवनानगरपर्यंत बहुतेकांना ठाऊक आहे. पोलीस चौकीतल्या हवालदाराला ठाऊक आहे, कामशेतच्या वडेवाल्याला ठाऊक आहे, तिच्या नवऱ्याला तर आहेच आहे. ती ऑफिसात बसली की अगदी पुण्यातल्यासारखं बोलते, 'आपण', 'कृपया' सगळं. पण डोकं फिरलं की आईची भाषा तोंडात येते, आणि मग समोरच्यानं समजावं की आता आपली धडगत नाही.

कामही असं पत्करलंय की राग यायला निमित्त शोधावं लागत नाही. अठराच्या आतल्या पोरानं काही गुन्हा केला, आणि बाल न्याय मंडळानं त्याला कोंडून न ठेवता देखरेखीच्या अटीवर घरी सोडलं, की त्या पोराच्या मागे फिरायचं. पोरगं कामावर जातंय का, कुणाबरोबर उठतंय-बसतंय, घरात बाप मारतोय का, सगळं बघायचं आणि मंडळाला कळवायचं. सरकारी अधिकारी एवढ्या जिल्ह्याला किती पुरा पडणार? म्हणून मावळातली पोरं एका संस्थेकडे दिलेली. संस्था म्हणजे लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावरची एक खोली, कुरकुरणारा पंखा आणि अनघा. स्कूटी तिची स्वतःची. पाऊस असो, ऊन असो, धरणाच्या कडेकडेनं गावोगाव फिरायचं, आणि प्रत्येक गावात कुणीतरी विचारणारच, "म्याडम, असल्या पोरांचं एवढं काय करताय? चार रट्टे द्यायचे आणि मोकळं व्हायचं." त्यावर ती एकच विचारते, "तुमच्या पोराला कोणी दिलते का?"

ही गोष्ट ज्या पोराची, त्याचं खरं नाव सांगता येणार नाही. कायदाच तसा आहे, की पोराचं नाव बाहेर फुटू नये. आपण त्याला सार्थक म्हणू. गावही धरणाच्या काठचं एक, एवढं पुरे. कायद्यानं काळजीपूर्वक झाकलेलं हे नाव गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, ती गोष्ट वेगळी.

सार्थकचे वडील अंबाजी. भाताची थोडी शेती, दोन म्हशी, आणि एक मोठा मान: गावच्या भैरोबाची पालखी देवळातून उठते, तेव्हा पहिला खांदा अंबाजीच्या घरचा. आजोबा, पणजोबांपासून चालत आलेला. अंबाजी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, चावडीवर बसला तरी कडेला बसणारा माणूस. पण जत्रेच्या दिवशी डोक्याला फेटा, कपाळाला गुलाल, आणि सगळं गाव त्याच्या मागे. वर्षभर तो माणूस त्या एका दिवसावर जगायचा म्हटलं तरी चालेल.

आणि पोरानं काय केलं? धरणाकाठी तंबूत राहायला येणाऱ्या पर्यटकांचे तंबू ठोकायच्या कामाला गेला होता, तिथल्या दोन थोराड पोरांच्या नादी लागून एका तंबूतला कॅमेरा आणि मोबाईल उचलले. उचलणारे दोघे होते, पिशवी सांभाळत हा उभा होता. धरले तिघे. ते दोघे मोठे म्हणून त्यांचं प्रकरण वेगळं चाललं. सार्थक अठराच्या आतला. मंडळानं त्याला बापाच्या हमीवर घरी सोडलं. अटी साध्या: काम करायचं, दर आठवड्याला अनघाला भेटायचं, आणि मंडळाला विचारल्याशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. अट मोडली तर पुण्याला, सुधारगृहात.

अनघानं त्याला कामशेतला मोटारी भरणाऱ्या दुकानात चिकटवलं. विहिरीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची, नवी तार वेटोळ्यांनी भरायची. दुकानाचा मालक संदेश आधी नाराज होता. "चोर ठेवू काय दुकानात? तांब्याची तार आहे, ताई." अनघानं त्याला तिथंच फैलावर घेतलं. पुढं तोच म्हणायला लागला, की पोरगं गप असतं पण हाताला वळण आहे. पोरगं जाग्यावर येत होतं. आईच्या हातचा डबा घेऊन सकाळच्या जीपनं जायचं, संध्याकाळी परत. अनघाला पहिल्यांदाच एखाद्या पोराची काळजी थोडी कमी वाटायला लागली होती. तिथंच चुकलं.

चैत्र आला, जत्रा जवळ आली. मावळात जत्रा म्हणजे काय हे निराळं सांगायला नको. मुंबईला माथाडीत असलेले, चाकणला कंपनीत असलेले, लेकी, जावई, सगळे गावाकडे येतात. बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट सजतो. आणि गावोगाव असते तशी या गावालाही एक जुनी खोड आहे. जत्रेच्या आधी देवळात बैठक बसते. वर्गणी, तमाशा, गाड्यांचे नंबर, हे सगळं ठरलं की शेवटी कोणीतरी हळूच विषय काढतो: यंदा कोणाला बाहेर धाडायचं? म्हणजे ज्याचं नाव मारामारीत, दारूत, कुठल्या भानगडीत आलेलं असेल, त्याला जत्रेपुरता पाहुण्यांकडे धाडायचा. जत्रेला लफडं नको. भांडण नाही, तंटा नाही. घरचे ऐकतात, पोरगं जातं, गुलाल धुतला गेला की परत येतं. गावाला यात काही वावगं वाटत नाही. उलट आपण किती समजुतीनं घेतो, असंच वाटतं.

त्या बैठकीत सार्थकचं नाव निघालं. काढलं हौशीराम पोलीस पाटलानं. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "अंबाजी, पोरगं चांगलंच हाय रे. पर पाहुणेरावळे येत्यात, कुणाचं काय हरवलं तर उगा त्याच्यावर बोट नको. जत्रंपुरता मामाकडं धाड. तुझा खांदा हाय, तुझीच शोभा."

अंबाजी काहीतरी पुटपुटला, म्हणजे अनघाताईला विचारतो वगैरे. हौशीराम म्हणाला, "म्याडमला मी सांगतो. माझं कामच हाय ते."

मामा घाटाखाली, खोपोलीजवळ. घाट उतरला की जिल्हा बदलला. हे हौशीरामला कळत नव्हतं असं कोणी मला सांगू नये. पोलीस पाटील आहे तो. पण कळूनही त्यानं अनघाला फोन केला नाही, कारण फोन केला असता तर तिनं नाही म्हटलं असतं, आणि गावाचं ठरलेलं मोडलं असतं. सार्थक बापाला म्हणाला, "दादा, मला जिल्ह्याबाहेर जाता येत न्हाई." बाप म्हणाला, "पाटलांनी म्याडमला सांगितलंय." पोरानं पिशवी भरली. सगळा मुलूख जत्रेला गावात येत होता, आणि हा एकटा एसटीत बसून गावाबाहेर चालला होता.

पुढं व्हायचं तेच झालं. पालखीच्या आदल्या दिवशी धरणाकाठच्या तंबूतल्या एका पर्यटकाचा मोबाईल गेला. पोलिसांनी काय केलं? डोकं चालवलं? कशाला? सरळ अंबाजीच्या दारात आले. नेहमीचंच आहे हे. एकदा पोराचं नाव लागलं की तालुक्यात कोणाची चप्पल हरवली तरी त्याच्या दारात उभे. पोरगं घरात नव्हतं. हौशीराम शेजारीच उभा होता. हवालदारानं त्याला विचारलं, "कुठंय हा?"

हौशीरामनं कानावर हात ठेवले. "आपल्या मनानं गेला आसंल. आमास्नी काय बोलला न्हाई."

आम्ही धाडलं म्हटलं तर पोलीस पाटलावरच बालंट येणार, मग पोरावर घाल. झालं. पोरगं फरार.

संध्याकाळी तो मोबाईल त्या पर्यटकाच्याच गाडीत, सीटखाली सापडला. बियर पिऊन स्वतःच टाकला होता बाबानं. तो 'सॉरी हां' म्हणून निघून गेला. पण पोरगं फरार असल्याचं मंडळाला कळवून झालं होतं, ते काही सीटखाली जाऊन बसलं नाही.

अनघाला पोलिसांचा फोन आला तेव्हा ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सार्थकला फोन लावला. तो मामाच्या ओट्यावर बसला होता. "ताई, तुमाला पाटीलतात्यांनी सांगितलं ना?" तो म्हणाला. एवढ्या सरळपणे म्हणाला, की तिला त्याच्यावर ओरडायला जागाच उरली नाही. "तिथून हलू नकोस," एवढंच ती बोलली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच जुन्या घाटानं स्कूटी खाली घातली.

येताना तो मागे बसला होता. बापाकडून ऐकलेलं बैठकीचं सगळं त्यानं घाटभर सांगितलं. खंडाळ्याला चहाला थांबल्यावर त्यानं विचारलं, "ताई, मला आत टाकतील?"

"मी आहे ना," अनघा म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला. कारण आपण असून काय होतंय हे तिनं याआधी पाहिलेलं होतं. मंडळाला कागदावर दिसतं ते दिसतं: अट मोडली. का मोडली, हे सांगायला जबाबदार माणूस उभा राहावा लागतो. तिनं पोराला चौकीत हजर केलं, मोबाईल सापडल्याचं लिहून घेतलं, पोराला संदेशच्या दुकानात बसवलं आणि तशीच गावात गेली.

गावात ढोल चालू होता. पालखी नुकतीच देवळाबाहेर आली होती. पहिल्या खांद्याला अंबाजी, फेटा, गुलाल, डोळे अर्धे मिटलेले. पुढे हौशीराम, हातात काठी, लोकांना बाजूला सारत. अनघा कडेला थांबली. देवाला आडवं जायचं नाही, एवढं तिला कळत होतं. पालखी टेकली, अंबाजी पाणी प्यायला बाजूला आला, तशी ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, पोरगं तुमचं फरार लिवलंय तितं. आन तुमी हितं गुलाल लावून फिरताय?"

अंबाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. हौशीराम मध्ये आला. "म्याडम, जत्रा हाय. चार दिवसांनी बोलू. आन तुमाला आमच्या देवाधर्माचं काय कळायचं न्हाई, तुमी त्यात पडू नका."

'आमच्या' हा शब्द त्यानं कसा उच्चारला, हे अनघाला बरोबर कळलं. असे शब्द ती लहानपणापासून ऐकत आलेली. बाप रेल्वेत होता म्हणून लोणावळ्याला वाढली, पण मूळ गाव याच धरणाच्या पलीकडचं. त्या गावातही जत्रा होती आणि गावकुसाबाहेरचा त्यांचा वाडा त्या जत्रेत कुठं उभा राहायचा, हेही ठरलेलं होतं.

"तुमच्या देवाचं मला काय बी करायचं न्हाई, पाटील," ती म्हणाली. "पोराचं बोला. तुमी मला फोन करणार व्हता. केला का?"

"राह्यलं गडबडीत."

"तारखेला मंडळापुढं हेच सांगायचं. गडबडीत राह्यलं म्हणून."

"बघू की," हौशीराम म्हणाला, आणि ढोलवाल्याकडे वळून हात हलवला. ढोल पुन्हा सुरू झाला. अंबाजी एकदा अनघाकडे बघून पालखीखाली गेला.

तारीख आली. मंडळाची खोली कोर्टासारखी नसते. एक लांब टेबल, मॅजिस्ट्रेट बाई, बाजूला दोन सदस्य, पोरांना बसायला खुर्च्या. हौशीरामला बोलावलं होतं, तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्यानं तेच सांगितलं: पोरगं आपल्या मनानं गेलं, गावाला काही कल्पना नव्हती. अनघानं मग सगळं सांगितलं, बैठक, पालखी, फोनचा शब्द, सगळं. मॅजिस्ट्रेट बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्या बैठकीला होतात?"

"नाही, मॅडम."

त्यांनी सार्थककडे पाहिलं. "तुला कोणी पाठवलं?"

सार्थक उभा राहिला. बापाकडे पाहिलं नाही, अनघाकडे पाहिलं नाही. "कोणी न्हाई. मी माझ्या मनानं गेलतो."

अनघाला वाटलं, आपल्याला कोणीतरी मुस्काटात मारली. बाईंनी अंबाजीला विचारलं. त्यानं मान खाली घातली. "त्यो म्हणतोय तसंच आसंल."

"जेवणानंतर आदेश देऊ," बाई म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात अनघानं पोराचा दंड धरून त्याला भिंतीशी उभं केलं. "काय खुळा हाईस का रं तू? घाटाखालनं तुला काय खोटं बोलायला आणलं मी?"

सार्थकचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "ताई, मी खरं बोललो तर पाटील अडकत्यात. मग गाव दादांचा खांदा काढून घेईल. आजोबापासून हाय त्यो. माझ्यामुळं आदीच लय गेलंय घरचं. खांदा तरी ऱ्हाऊ दे."

अंबाजी दोन पावलांवर उभा होता. त्यानं ऐकलं. त्याला हे माहीत नव्हतं. पोरगं भिऊन खोटं बोललं असंच तो धरून चालला होता. अनघा त्याच्याकडे वळली. एरवी ती आई-बापांशी जपून बोलते, ते कामाचंच शिक्षण असतं. त्या दिवशी तिनं ते शिक्षण बाजूला ठेवलं.

"ऐकलंत? सतरा वर्साचं पोरगं तुमचा खांदा वाचवाया आत चाललंय. तुमी काय वाचवताय, अंबाजीभाऊ? देवाला खांदा देता ना? ह्याला कोण देणार मग, मी? मी रोज देते. आज तुमची पाळी हाय."

हौशीराम पलीकडून म्हणाला, "अंबाजी, डोकं थंड ठेव. गावात ऱ्हायचंय आपल्याला."

अंबाजीनं टोपी काढून घडी केली, खिशात घातली. आत हाक आली तेव्हा तो सगळ्यांच्या आधी उठला.

"बाईसाहेब," तो उभ्या उभ्याच म्हणाला, "मगाशी मी खोटं बोललो. पोराला मी धाडलं. देवळात बैठक झाली, पाटलांनी सांगितलं, मी धाडलं. त्यो न्हाई म्हणत व्हता. जिल्ह्याभायेर जाता येत न्हाई असं त्यानंच मला सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. काय करायचं ते माझं करा."

हौशीराम भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिला. मॅजिस्ट्रेट बाईंनी त्याला दोन प्रश्न विचारले, दोन्हीला त्यानं अडखळत उत्तर दिलं. त्याला कडक समज मिळाली. सार्थक घरीच राहिला. अटी त्याच, आणि एक नवी: पोराला कुठंही पाठवायचं असेल तर आधी अनघाला विचारायचं, गावाला नाही. पुण्याहून येताना कामशेतपर्यंत लोकलमध्ये तिघं शेजारी बसली होती. बेगडेवाडी गेलं तेव्हा अंबाजीला झोप लागली आणि त्याचं डोकं पोराच्या खांद्यावर कललं. सार्थक उतरायची वेळ येईपर्यंत हलला नाही.

गावानं काय केलं ते सांगायलाच हवं. पुढच्याच बैठकीत पहिला खांदा अंबाजीच्या चुलतभावाला दिला. कारण कोणी बोललं नाही. बोलायला लागतं कुठं? वरून हौशीराम अंबाजीला म्हणाला म्हणे, "राग मानू नको, गावाचं ठरलंय." अनघानं हे ऐकलं तेव्हा ती संध्याकाळभर घरात भांडी आदळत होती. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, तक्रार करू, असं तिनं अंबाजीला सांगून पाहिलं. तो नको म्हणाला. तिला त्याचाही राग आला.

सार्थकची मुदत संपली. आता कायद्यानं अनघाचा त्याच्याशी काही संबंध उरला नव्हता. तो संदेशच्या दुकानात मोटारी भरत होता, एकट्यानं भरत होता. पुढच्या चैत्रात रतनबाईचा, त्याच्या आईचा फोन आला. ही बाई सगळ्या प्रकरणात कोणी विचारलीच नव्हती, ना गावानं ना मंडळानं. ती म्हणाली, "पोरी, जत्रंला ये. पुरण घातलंय. न्हाई म्हणू नकोस."

अनघा गेली. घरात पाहुणा एकच होता: खोपोलीचा मामा. मागच्या वर्षी भाचा खाली गेला, म्हणून यंदा मामा घाट चढून वर आला होता. ओट्यावर ऐसपैस बसून पान जमवत होता.

या गावात पालखी दारोदार थांबते, घरची बाई ओवाळते, मग पुढे जाते. ढोल जवळ आला तशी रतनबाई निरांजन लावून ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. शेजारी सार्थक, हातात नारळ. पालखी शेजारच्या दारी थांबली. मग उठली, आणि अंबाजीच्या दारावरून सरळ पुढे गेली. पुढे हौशीराम होता, काठी हातात. त्यानं इकडे पाहिलंही नाही. रतनबाईच्या ताटातलं निरांजन तसंच जळत होतं.

अनघा उठली. चप्पल पायात अडकवली. "थांबा, त्या पाटलाला आता मी दावतेच."

अंबाजी ओट्यावर बसला होता, डोक्याला फेटा नाही, गुलाल नाही. त्यानं तिच्या वाटेत हात आडवा धरला.

"बसा, ताई. पालखी जाऊ द्या. यंदा जत्रंला माझं पोरगं घरात हाय." मग आत वळून म्हणाला, "सार्थक, पान वाढ ताईला."

रतनबाईनं ताट आत नेलं आणि त्याच निरांजनानं पोराला ओवाळलं. सार्थक पोळी आणि कटाची आमटी घेऊन आला. अनघानं चप्पल काढली. राग तिचा गेला नाही, जाणारही नव्हता, आणि तिनं तो घालवायचा प्रयत्नही केला नाही. रागानंच ती जेवायला बसली, आणि मामाच्या आग्रहाखातर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.